आवाजाचे बिल कोणत्या रकान्यात?

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील 18 टक्के जीएसटी शून्यावर आला. त्यानिमित्ताने अनेक घरांत पॉलिसीची कागदपत्रे कपाटातून बाहेर निघाली असतील. या कागदपत्रांच्या शेवटी बारीक अक्षरांत एक यादी असते. कोणत्या वस्तूंचे पैसे मिळणार नाहीत, याची. लहान बाळाचे खाद्य, कपडे धुण्याचा खर्च, मिनरल वॉटर, टेलिफोनचे शुल्क, चालण्यासाठी लागणारी काठी-वॉकर, रुग्णालयाबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर अशी ती लांबत जाते. क्लेम अडकेपर्यंत ती सहसा कोणी वाचत नाही.

आता अशी कल्पना करा की घरात सहा वर्षांचे मूल आहे आणि ते बोलत नाही. ऐकू येते, सांगितलेले बरेचसे समजते, पण तोंडातून शब्द येत नाहीत. स्पीच थेरपिस्टने सांगितले आहे की याला बोलके संवाद-उपकरण हवे. म्हणजे पडद्यावरचे चित्र किंवा शब्द दाबला की आवाज येईल, असे. आई-वडील ती बारीक अक्षरांतली यादी वाचतात. त्यात हे उपकरण नसते. दोघांना क्षणभर बरे वाटते, मग विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन लागतो आणि पहिलाच प्रश्न येतो, ‘पेशंट ॲडमिट कधी झाला होता?’

खरी अडचण या प्रश्नात आहे. आपला आरोग्य विमा रुग्णालयातील खाटेभोवती बांधलेला आहे. किमान 24 तास दाखल व्हा, किंवा ठरवून दिलेली डे-केअर प्रक्रिया करून घ्या, मग पुढचे बोलू. ज्या मुलाला दाखल करण्यासारखे काहीच झालेले नाही, ज्याला फक्त बोलता येत नाही, त्याच्यासाठी या व्यवस्थेत जागाच नाही. संवाद-उपकरणाचा खर्च नाकारण्यासाठीसुद्धा त्याची कोणी वेगळी दखल घेतलेली नाही.

हे उपकरण उपचार आहे की सोय, हा यातला कळीचा प्रश्न. स्वमग्न मुलांपैकी साधारण 25 ते 30 टक्के मुले शाळेच्या वयातही बोलत नाहीत किंवा मोजकेच शब्द बोलतात, असे या क्षेत्रातील संशोधक सांगतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांना काय बोलायचे हे नेमके ठाऊक असते, पण जीभ आणि ओठ साथ देत नाहीत. अशा मुलाच्या पोटात रात्री दुखू लागले तर ते रडते, डोके आपटते, चावते. कुठे दुखते, कधीपासून दुखते, हे सांगू शकत नाही. डॉक्टरांच्या हाती मग अंदाज उरतो. कॅनडातील क्विबेक प्रांताच्या 20 रुग्णालयांतील नोंदी तपासून 2008 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. संवादात अडचण असलेल्या रुग्णांच्या बाबतीत टाळता येण्याजोग्या दुर्घटनांची शक्यता इतरांच्या तिप्पट आढळली. तो अभ्यास मुलांचा नव्हता, पण मुद्दा तोच आहे. रुग्णाला सांगता आले नाही तर उपचार चुकतात.

यंत्र हातात दिले तर मूल कायमचे मुके राहील, ही भीती आपल्याकडे अजून घट्ट आहे. आजी-आजोबांना ती वाटते, काही डॉक्टरांनाही वाटते. ‘आधी बोलायचा प्रयत्न तरी करू द्या’ या वाक्यापायी मुलांची तीन-चार वर्षे जातात. पुरावा मात्र उलट बाजूला आहे. 2006 मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील भक्कम पद्धतीच्या अभ्यासांमधली 27 उदाहरणे पाहिली तर एकाचेही बोलणे कमी झालेले नव्हते आणि 89 टक्क्यांचे थोडेफार वाढले होते. वाढ फार मोठी नव्हती, हेही सांगायला हवे. यंत्र म्हणजे बोलणे सुरू करण्याची जादू नव्हे. 2014 मध्ये अमेरिकेत पाच ते आठ वर्षांच्या, अत्यल्प बोलणाऱ्या 61 स्वमग्न मुलांवर चाचणी झाली. सर्वांना थेरपी सारखीच, फक्त एका गटाला पहिल्यापासून बोलके उपकरणही दिले. तोंडाने असो वा यंत्राने, स्वतःहून साधलेला संवाद त्या गटात जास्त वाढला.

विमा कंपन्यांना हे पटवून देण्याची लढाई अमेरिकेत आपल्या बरीच आधी झाली. तिथल्या वृद्ध आणि अपंग नागरिकांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विम्याच्या नियमात बोलक्या उपकरणांना अनेक वर्षे ‘सोयीची वस्तू’ म्हटलेले होते, त्यामुळे अर्ज हमखास फेटाळला जाई. 1 जानेवारी 2001 पासून हे शब्द बदलले. उपकरण ‘टिकाऊ वैद्यकीय साधन’ ठरले, म्हणजे व्हीलचेअर आणि रुग्णालयी पलंगाच्या रांगेत बसले. यंत्रे तीच होती, रुग्णही तेच होते. बदलला तो फक्त रकाना. खासगी कंपन्या मेडिकेअरच्या व्याख्यांकडे पाहून आपले नियम ठरवतात, म्हणून त्या एका बदलाचे परिणाम दूरवर गेले. गरीब कुटुंबांतील 21 वर्षांखालच्या मुलांसाठी मेडिकेड योजनेत तर आणखी व्यापक तरतूद आहे. मुलाला वैद्यकीयदृष्ट्या जे आवश्यक ठरेल ते राज्याने द्यावे लागते.

तरीही तिथे यंत्र सहज मिळते असे समजू नये. आधी थेरपिस्टचे सविस्तर मूल्यमापन, मग डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन, अनेक योजनांत काही आठवडे यंत्र वापरून पाहण्याची अट, मग पूर्वमंजुरी. त्यानंतर बऱ्याचदा नकाराचे पत्र. नकाराची कारणेही ठरलेली असतात. विमा कंपनी म्हणते, हे शिक्षणासाठी आहे, शाळेकडे मागा. शाळा म्हणते, हे वैद्यकीय आहे, विम्याकडे मागा. शाळेने दिलेच तर यंत्र शाळेच्या मालकीचे असते. मुलाला ते घरीही हवे, हे मग लेखी मान्य करून घ्यावे लागते.

त्यातला एक नकार भाषेच्या दृष्टीनेही विचार करण्यासारखा आहे. काही पॉलिसींत ‘गमावलेली वाचा परत मिळवण्यासाठी’ खर्च मिळेल असे लिहिलेले असते. पक्षाघाताने बोलणे गेलेल्या 60 वर्षांच्या माणसाला ते लागू पडते. जन्मापासून न बोललेल्या मुलाने काही गमावलेलेच नसते! म्हणून 2010 च्या ओबामा यांच्या आरोग्य कायद्याने आवश्यक लाभांच्या यादीत पुनर्वसनाबरोबरच, नसलेले कौशल्य प्रथमच मिळवून देणाऱ्या सेवा आणि साधनांचाही उल्लेख केला. त्याच कायद्याने नकाराविरुद्ध दोन पायऱ्यांचे अपील दिले. आधी कंपनीकडेच, आणि तिने पुन्हा नाही म्हटले तर कंपनीबाहेरच्या स्वतंत्र तपासनीसाकडे. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात नोकरीनिमित्त गेलेली मराठी कुटुंबे या चक्रातून जातात तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट कळते. मोठ्या कंपन्या विम्याचे पैसे पुष्कळदा स्वतःच्या खिशातून देतात आणि विमा कंपनी केवळ कारकुनी करते. तेव्हा निर्णय फिरवायचा तर विमा कंपनीशी भांडण्यापेक्षा स्वतःच्या एचआर विभागाशी बोलणे अधिक उपयोगी पडू शकते.

या व्यवस्थेत विनोदही आहेत. सर्वसाधारण टॅबलेट हा निरोगी माणसालाही उपयोगी पडतो, म्हणून तो वैद्यकीय साधन ठरत नाही आणि मेडिकेअर त्याचे पैसे देत नाही. त्याऐवजी बोलण्याखेरीज दुसरे काही करता येऊ नये म्हणून कुलूपबंद केलेले, टॅबलेटच्या कित्येक पट महाग यंत्र मंजूर होते. त्या यंत्रातून ईमेल किंवा फोनवर संदेश पाठवण्याची सोय असली तरी चालेल, हे मान्य व्हायला 2015 साल उजाडावे लागले. त्याच वर्षी स्टीव्ह ग्लीसन या एएलएस झालेल्या माजी फुटबॉलपटूच्या नावाने कायदा झाला. त्याआधी काही काळ मेडिकेअर ही यंत्रे एकदम विकत घेऊन देण्याऐवजी भाड्याच्या हप्त्यांवर देत होते, आणि रुग्ण रुग्णालयात किंवा शुश्रूषागृहात गेला की त्याचा आवाज परत जाण्याची वेळ येई.

तर आपल्याकडे काय? कायद्याच्या पुस्तकात आपण मागे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येत ब्रेल आणि सांकेतिक भाषेबरोबर पूरक व पर्यायी संवादपद्धतींचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम 17 नुसार ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना 18 वर्षांपर्यंत योग्य ती सहायक साधने मोफत द्यायची आहेत. कलम 24 मध्ये उत्पन्नमर्यादेच्या आत साधने मोफत देण्याची आणि सर्वंकष विमा योजनेचीही भाषा आहे. 27 फेब्रुवारी 2023 रोजी विमा नियामक ‘इर्डाई’ने सर्व आरोग्य विमा कंपन्यांना दिव्यांगांसाठी पॉलिसी उपलब्ध करून द्यायला सांगितले. त्यापूर्वी स्वमग्नतेचे नाव निघताच अर्ज परत येण्याचा अनुभव पालकांना नवीन नव्हता, तेव्हा हे पाऊल लहान नाही. पण त्यातून खुले झाले ते रुग्णालयाचे दार. मूल दाखल झाले तर आता पैसे मिळतील. बोलायचे असेल तर नाही.

सरकारची ‘निरामय’ ही योजना या मुलांच्या सर्वात जवळ जाते. राष्ट्रीय न्यासाने ती 2008 मध्ये सुरू केली. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांतील व्यक्तींना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. वैद्यकीय तपासणीची पूर्वअट नाही. आणि विशेष म्हणजे बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचा खर्चही त्यात धरलेला आहे. खाटेची अट ओलांडणारा असा विमा आपल्याकडे दुर्मीळच. मात्र त्याच्या लाभांच्या तक्त्यात शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, थेरपी, अगदी प्रवासखर्चाचाही रकाना असला तरी संवाद-उपकरणाचा नाही. म्हणजे स्पीच थेरपीच्या बैठकीचे बिल लावता येते. त्या बैठकीत ज्या यंत्रावर मूल बोलायला शिकते, त्याचे लावता येत नाही. शिवाय चार गटांबाहेरच्या, केवळ वाचा आणि भाषेचे दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ही योजना लागूच नाही, जरी 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांत त्याची गणना असली तरी.

उरते साधने वाटणारी केंद्राची ‘एडिप’ योजना. 1981 पासून चालू आहे. तिने लाखो लोकांना तीनचाकी, कॅलिपर, श्रवणयंत्रे दिली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या वाट्याला तिच्यातून बहुतांशी शैक्षणिक साहित्याचा संच येतो. पण याच योजनेत 2014 च्या सुधारणेने कर्णबधिर मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी तब्बल सहा लाख रुपयांपर्यंतची तरतूद केली. ती अतिशय योग्य आहे. मला फक्त तिची शेजारच्या मुलाशी तुलना करावीशी वाटते. आवाज आत पोहोचवणाऱ्या यंत्रासाठी सरकार सहा लाख रुपये द्यायला तयार होते, आणि आवाज बाहेर काढणाऱ्या यंत्रासाठी, जे पुष्कळदा त्याच्या दहाव्या हिश्श्यातही बसेल, स्वतंत्र तरतूद नाही. याचे कारण मला तरी एकच दिसते. इम्प्लांटला शस्त्रक्रिया लागते, भूल लागते, खाट लागते. ते ‘वैद्यकीय’ दिसते. पडद्यावरची चित्रे खेळण्यासारखी दिसतात.

विमा कंपन्यांची शंका अगदीच निराधार नाही, हे मान्य करायला हवे. टॅबलेटला मंजुरी दिली तर त्यावर मोठा भाऊ गेम खेळणार नाही कशावरून? यंत्र घेऊन कपाटात पडून राहणार नाही कशावरून? याचे उत्तर अमेरिकी नियमांतच आहे, आणि कुलूपबंद यंत्रांपेक्षा ते घेण्यासारखे आहे. मूल्यमापन करणाऱ्या थेरपिस्टचा यंत्र विकणाऱ्याशी कोणताही आर्थिक संबंध असता कामा नये, अशी अट तिथे आहे. तिला महिनाभर वापरून पाहण्याची जोड दिली, तर कोणत्या मुलाला यंत्र उपयोगी आहे हे बऱ्यापैकी कळते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाचा व श्रवण संस्था 1983 पासून आहे, मैसूरला त्याहून जुनी राष्ट्रीय संस्था आहे. अशा संस्थांच्या मूल्यमापनावर ‘निरामय’च्या तक्त्यात एक रकाना वाढवणे हे संसदेचे काम नाही. राष्ट्रीय न्यास आणि विमा कंपनी यांच्यातील पुढच्या करारात ते बसू शकते. खासगी कंपन्यांच्या मागे लागण्याआधी इथून सुरुवात व्हावी, असे माझे मत आहे. मेडिकेअरच्या उदाहरणावरून दिसते की सरकारी योजनेने आधी नाव घेतले की इतरांना ‘आम्हाला माहीत नाही’ म्हणता येत नाही.

तोपर्यंत पालकांनी काय करावे, हा प्रश्न आहेच. पहिली गोष्ट म्हणजे विम्यासाठी थांबू नये. पुठ्ठ्यावर चिकटवलेली 12-15 चित्रे ही संवाद-उपकरणाची पहिली पायरी आहे आणि ती आज संध्याकाळी करता येते. चित्रे निवडताना केळे, गाडी, बॉल यांवर थांबू नका. ‘नको’, ‘अजून’, ‘थांब’, ‘दुखतंय’, ‘माझं’ हे शब्द आधी हवेत, कारण दिवसभर तेच लागतात. आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे ॲप विनामूल्य आहे आणि त्यात मराठीही आहे. चेन्नईत जन्मलेले ‘आवाज’ हे ॲप विकत घ्यावे लागते, पण ते भारतीय मुलांबरोबर काम करून घडलेले आहे. डोळ्यांच्या हालचालीवर चालणाऱ्या यंत्राची गरज असेल तर खर्च लाखांत जातो, आणि तिथे मदतीशिवाय मध्यमवर्गीय घरही हात टेकते.

दुसरी गोष्ट कागदांची. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढले नसेल तर आधी ते. ‘लेबल लागेल’ म्हणून पुष्कळ पालक टाळतात, पण त्याशिवाय एकही दार उघडत नाही. ‘निरामय’मध्ये नाव घालावे आणि थेरपीची बिले लावावीत. आधी खर्च करून मग परतावा मागायचा असल्याने पावत्या जपाव्या लागतात. त्या पैशांतून वाचलेले उपकरणाकडे वळवता येतात. थेरपिस्टकडून अहवाल घेताना ‘शैक्षणिक प्रगतीसाठी उपयुक्त’ एवढ्यावर समाधान मानू नका. मुलाला दुखणे, भूक, शौच, धोका सांगता येत नाही, कोणते उपकरण किती दिवस वापरून पाहिले, मुलाने स्वतःहून काय सांगितले, हे त्यात यायला हवे. नोकरीच्या ठिकाणी समूह विमा असेल तर त्यात काय घ्यायचे हे मालक कंपनी ठरवते, तेव्हा नूतनीकरणापूर्वी तिथे लेखी मागणी करावी. शाळेला कलम 17 चा उल्लेख करून अर्ज द्यावा. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या दर मुलामागे वर्षाला 3500 रुपयांची तरतूद आहे. त्यात यंत्र येणार नाही, पण अर्ज नोंदला जातो. प्राप्तिकराची जुनी पद्धत निवडलेल्यांना अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी 75 हजार, आणि तीव्र दिव्यांगत्व असल्यास सव्वा लाख रुपयांची वजावट मिळते.

विमा कंपनीला अर्ज करून पाहण्यातही तोटा नाही. मात्र नकार फोनवर ऐकून सोडू नका, कारणासह लेखी मागा. कंपनीने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला शुल्क नाही, नकारानंतर वर्षभराची मुदत आहे, वकीलही लागत नाही. पॉलिसीतच उपकरण वगळल्याचे स्पष्ट लिहिले असेल तर लोकपाल फारसे काही करू शकणार नाहीत. जिथे भाषा मोघम आहे, तिथे मात्र फरक पडू शकतो.

एक सावधगिरी. मुलाचा हात किंवा कोपर धरून अक्षरांवर बोट फिरवून घेणारी, किंवा अक्षरफलक मोठ्या माणसाच्या हातात धरून चालणारी काही तंत्रे ‘मुलाच्या मनातले’ बाहेर काढण्याचा दावा करतात. अमेरिकेतील वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये त्यांच्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली, कारण येणारे शब्द मुलाचे नसून मदतनिसाचे असू शकतात. अशा प्रशिक्षणांवर हजारो रुपये घालण्यापूर्वी एवढेच पाहा, की मदतनीस दूर झाला तरी मूल बोलते का.

आणि यंत्र मिळाले तरी त्याची भाषा तपासून घ्या. परदेशी यंत्रे इंग्रजी वाक्यरचनेवर बेतलेली असतात. तिथे ‘आय गो’ म्हटले की मुलगा-मुलगी सगळ्यांचे भागते. मराठीत मुलगी ‘मी जाते’ म्हणते आणि मुलगा ‘मी जातो’. आठ वर्षांच्या मुलीच्या मांडीवरचे यंत्र पुरुषी आवाजात ‘मी जातो’ म्हणू लागले की ती ते बाजूला सारते. थेरपिस्टच्या अहवालात उपकरणाचे वर्णन करताना मुलाची घरची भाषा, लिंग आणि वयाला साजेसा आवाज या तिन्हींचा उल्लेख करून घ्या. मंजुरी देणाऱ्याने स्वस्त पर्याय म्हणून इंग्रजी यंत्र पुढे केले, तर ते का चालणार नाही हे त्या कागदावर आधीच लिहिलेले असेल.